देवाच्या खात्यावर मत द्यायचं म्हणजे

ऑडिटच्या अहवालात ‘सांगता येत नाही’ असं लिहायचं असेल तर त्यालाही नियम आहेत. एसए 705 नावाचं एक मानक आहे आमच्याकडे. हिशेब चुकीचे आहेत याचा पुरेसा पुरावा हातात आला आणि चूक सगळ्या हिशेबभर पसरलेली असली, तर ‘ॲडव्हर्स’ मत द्यायचं. पण पुरावाच मिळाला नाही, म्हणजे गोडाऊनची किल्ली दिली नाही किंवा वह्या पुरात गेल्या, तर ‘डिस्क्लेमर’ द्यायचा: आम्ही मत देऊ शकत नाही. आर्टिकलशिपला आलेली मुलं सुरुवातीला या दोन्हींची गल्लत करतात आणि माझी बोलणी खातात. सांगलीत इतकी वर्षं हेच करत आले आहे. देवाच्या बाबतीत मात्र आपलं ॲडव्हर्स आहे की डिस्क्लेमर, असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

विचारलं ते कोर्टात. एका गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबांचा वाद होता, त्यात माझी साक्ष होती. देवाची शपथ घेता की प्रतिज्ञा करता, असा प्रश्न आला. 1969च्या शपथ कायद्यात दोन्ही सोयी आहेत आणि कारण कोणी विचारत नाही. मी ‘प्रतिज्ञा’ म्हणाले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, “मॅडम, तुम्ही नास्तिक आहात होय? वाटत नाही.” मी म्हटलं, “तसं नाही, म्हणजे... ठाऊक नाही.” “मग अज्ञेयवादी म्हणा की! ते जरा बरं दिसतं,” असं म्हणून ते पुढच्या तारखेला निघून गेले.

बरं दिसतं म्हणजे काय, हे मला टोचत राहिलं. अज्ञेयवाद म्हणजे नास्तिकपणाचा सौम्य डोस, सासरी चालणारा, अशी त्यांची समजूत दिसत होती. माझीही त्याहून वेगळी नव्हती. म्हणून ओळखीतल्या एकांच्या आग्रहावरून मी एका अभ्यासवर्गाला जाऊ लागले. रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तो भरतो. फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले एक सर तो चालवतात. एलआयसीतले एक काका, पुण्याहून घरून काम करायला परत आलेला एक इंजिनीअर, दोन-तीन कॉलेजची मुलं आणि मी, एवढाच संसार. पंखा आवाज करतो, चहा खालून येतो आणि वादाला तोटा नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारून चार खोल्या केल्या. एका बाजूला लिहिलं, ‘मानतो – मानत नाही’. दुसऱ्या बाजूला, ‘ठाऊक आहे म्हणतो – ठाऊक नाही म्हणतो’. आस्तिक-नास्तिक हा पहिला प्रश्न, अज्ञेयवाद हा दुसरा, असं त्यांचं म्हणणं. पहिला प्रश्न तुमच्या मनात काय आहे याचा, दुसरा तुमच्या दाव्याला किती आधार आहे याचा. म्हणजे देव मानत नाही आणि तो नाहीच हे सिद्ध करता येईल असंही म्हणत नाही, असा माणूस एकाच वेळी नास्तिकही आणि अज्ञेयवादीही. सर म्हणाले, “बहुतेक नास्तिक याच खोलीत राहतात. भाडं चुकवायचं म्हणून दारावर पाटी वेगळी लावतात.”

एलआयसीतल्या काकांना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते हे दोन्ही एकाच प्रश्नावरचे वेगवेगळे निकाल आहेत: आस्तिक म्हणतो आहे, नास्तिक म्हणतो नाही, अज्ञेयवादी म्हणतो निकाल राखून ठेवला. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं आणि दोघांचं एकदम बरोबर असू शकत नाही हेही दिसत होतं. पुढे वाचल्यावर कळलं की तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकसुद्धा या दोन मांडण्यांवरून अजून भांडतात, तेव्हा जरा धीर आला.

‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द थॉमस हेन्री हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं 1869मध्ये पहिल्यांदा वापरला. लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीत जो तो कुठला ना कुठला ‘वादी’ होता आणि याच्याकडेच लेबल नव्हतं. शेपूट तुटलेल्या कोल्ह्यासारखं वाटायचं, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलं आहे. म्हणून त्यानं स्वतःसाठी एक शेपूट तयार केलं. पण वीस वर्षांनी, 1889मध्ये, त्यानं जे स्पष्टीकरण दिलं ते वकीलसाहेबांच्या ‘जरा बरं दिसतं’पेक्षा फार कडक आहे. त्याच्या लेखी ही श्रद्धा नव्हे, पद्धत आहे. बुद्धी जिथवर नेईल तिथवर जायचं, आणि जे दाखवता येत नाही त्याबद्दल खात्री आहे असा आव आणायचा नाही. हे वाचताना मला एकदम आमच्या इन्स्टिट्यूटचं परिपत्रक वाचल्यासारखं वाटलं. पुरेसा आणि योग्य पुरावा नसेल तर सही करू नका. एंगेल्सला मात्र हा प्रकार लाजऱ्या भौतिकवादाचा वाटला होता: घरात देव नाही हे माहीत असताना दारात उभं राहून संकोच करणं.

घरी आल्यावर मी फळ्यावरच्या चार खोल्यांत घरच्यांना बसवायला लागले. नवऱ्यानं ‘मला काही घेणं नाही’ म्हणून हात वर केले. (याला खोली नाही, हे सरांच्या लक्षात आणून दिलं पाहिजे.) मग सासूबाई. त्यांची पूजा सकाळी साडेसहाला. ताम्हनात देव घासायचे ते चिंच-मिठानं, पितांबरीनं नाही, त्यानं बाळकृष्णाचं नाक झिजतं म्हणतात. मी विचारलं, “आई, देव आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? नक्की?”

त्यांनी बाळकृष्ण पुसत पुसत माझ्याकडे पाहिलं. “ठाऊक कशाला असायला पाहिजे गं? ठाऊक असतं तर रोज हात कशाला जोडले असते?”

“म्हणजे नसेलही?”

“नसेलही. म्हणून काय दिवा लावायचा नाही? तू जा, तुझा कुकर झालाय.”

ज्या खोलीत कोणी राहत असेल असं मला वाटलं नव्हतं, त्या खोलीत सासूबाई चांगल्या पाट मांडून बसल्या होत्या. मानतात, आणि ठाऊक आहे असं म्हणत नाहीत. पुढच्या रविवारी हे सांगितलं तर इंजिनीअर म्हणाला, हा पास्कलचा जुगार: देव असला तर फायदा, नसला तर नुकसान काय! मला ते पटलं नाही. सासूबाई फायदा-तोटा मांडत नव्हत्या, तेवढं मला कळतं, तो माझा धंदा आहे. देवाच्या असण्यावर त्यांचं काही अडलेलंच नव्हतं.

या इंजिनीअरला टक्केवारीचं वेड आहे. रिचर्ड डॉकिन्सनं 2006च्या ‘द गॉड डिल्यूजन’मध्ये सात पायऱ्यांची एक शिडी दिली आहे. पहिल्या पायरीवर देव आहेच अशी शंभर टक्के खात्री असलेला, सातव्यावर देव नाहीच अशी तितकीच खात्री असलेला, मध्ये चौथ्यावर बरोबर अर्ध्यात. जगातला इतका गाजलेला नास्तिक स्वतःला सहाव्या पायरीवर, सातव्याकडे झुकलेला, असं लिहितो. सातव्यावर का नाही? कारण ‘नाहीच’ हे सिद्ध करता येत नाही, असं तो प्रामाणिकपणे मान्य करतो. इंजिनीअर प्रत्येकाला विचारत सुटला, तुम्ही कितव्या? काका पाच म्हणाले, एक मुलगी साडेसहा म्हणाली. मला आकडा सांगता येईना. सरांच्या फळ्यावर दोन वेगळ्या रेघा होत्या आणि या शिडीत त्या दोन्ही एकाच दांडीला गुंडाळल्यासारख्या वाटत होत्या. शिवाय शंभर टक्के हा आकडा आम्ही ऑडिटर कुठेच लिहीत नाही. आमचा शब्द ‘रीझनेबल ॲश्युरन्स’. वाजवी खात्री. खूप वरची, पण पूर्ण नव्हे, असं मानकातच लिहिलेलं आहे, आणि तेवढ्यावर बँका कोट्यवधीची कर्जं देतात.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी बसलं. नास्तिकाला लोक विचारतात, तुला शंभर टक्के खात्री आहे का? तो नाही म्हणाला की लगेच, मग तू नास्तिक नाहीस, अज्ञेयवादी आहेस! हा नियम आपण बाकी कशाला लावत नाही. समोरच्या दुकानाच्या गोडाऊनमध्ये भूत नाही याची मला शंभर टक्के खात्री नाही, तरी मी स्वतःला भुतांबाबत अज्ञेयवादी म्हणवत नाही. बर्ट्रांड रसेलनं हीच अडचण 1947मध्ये मांडली होती. तत्त्वज्ञांसमोर बोलायचं तर मी अज्ञेयवादी, कारण देव नाही याचा बिनतोड पुरावा माझ्याकडे नाही. पण रस्त्यावरच्या साध्या माणसाला योग्य कल्पना द्यायची तर नास्तिक म्हणणंच बरं, कारण होमरच्या देवांबद्दलही बिनतोड पुरावा देता येणार नाही आणि तरी तिथे कोणी अज्ञेयवादी होत नाही. पुढे 1952मध्ये त्यानं एका साप्ताहिकासाठी लेख लिहिला, त्यात पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्याभोवती फिरणारी चिनी मातीची किटली आणली. इतकी लहान की कुठल्याही दुर्बिणीतून दिसू नये. ती नाही हे कोणी सिद्ध करू शकणार नाही, म्हणून ती आहे असं मानायचं का? त्या साप्ताहिकानं लेख मागवला होता, छापला मात्र नाही.

हे ऐकून मी ऑडिटची भाषा काढली. ताळेबंदात पाच कोटींचा माल दाखवलाय आणि तो सापडत नाही. तेव्हा तो नाही हे सिद्ध करायचं काम माझं नसतं, तो आहे हे दाखवायचं काम मालकाचं असतं. त्यानं फक्त सहीचं पत्र दिलं, माल आहे हो म्हणून, तर ते पत्र आम्ही फाइलला लावतो, पण नुसत्या पत्रावर भागत नाही, हेही मानकात आहे. सर खूश झाले. म्हणाले, “म्हणजे धर्मग्रंथ हे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेशन लेटर!” काका गंभीर झाले. त्यांनी विचारलं, “पण गोडाऊन कुठे आहे हेच माहीत नसेल तर? मग तुम्ही ॲडव्हर्स कसं द्याल?” प्रश्न चोख होता. आम्ही ॲडव्हर्स देतो ते पुरावा हातात आल्यावर. किल्लीच मिळाली नाही तर डिस्क्लेमर. हक्सलीचं म्हणणं थोडक्यात एवढंच की त्या गोडाऊनची किल्ली माणसाकडे नाही.

यानंतर दोन-तीन रविवार आपल्याकडच्या परंपरेवर गेले आणि माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129वं सूक्त, नासदीय, सरांना तोंडपाठ आहे. सृष्टी कुठून आली हे कोण सांगणार, देवही नंतरचेच, आणि वर परम आकाशात बसून पाहणारा जो कोणी आहे तो तरी जाणत असेल किंवा नसेलही, असा त्याचा शेवट. कॉलेजचा मुलगा लगेच म्हणाला, हक्सलीच्या हजारो वर्षं आधी आपल्याकडे होतं हे! मला या ‘आपल्याकडे आधीच’चा कंटाळा आहे. ज्या ग्रंथात इंद्र-अग्नीची इतकी स्तुती आहे त्यातच एका कवीला हा प्रश्न पडला, यातलं नवल त्या घाईत निसटतं.

बौद्धांच्या दीघनिकायात संजय बेलट्ठिपुत्त भेटतो. अजातशत्रू राजा त्याला संन्यासाचं या जन्मातलं फळ विचारतो. तो म्हणतो, परलोक आहे का असं विचारलंत, तर आहे असं मी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही, तसं नाही असंही नाही. बौद्धांनी या बोलण्याला हातातून सुळकन निसटणाऱ्या वाम माशाची उपमा दिली. ते वाचून मला आमच्या व्यवसायातले काही बंधू आठवले, जे कुठल्याच कागदावर सापडत नाहीत. बुद्धानंही काही प्रश्न बाजूला ठेवले, बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला, म्हणून बुद्ध देवाबाबत अज्ञेयवादी, असं अनेकदा ऐकलं होतं. सरांनी ती यादी वाचायला लावली. जग शाश्वत आहे का, जीव आणि शरीर एक का, तथागत मृत्यूनंतर असतो का, असे प्रश्न त्यात आहेत. ईश्वर त्या यादीत नाही! वर मीमांसक. जगाचा कर्ता ईश्वर त्यांना लागत नाही, पण वेद प्रमाण मानतात म्हणून ते आस्तिकांत. मी वही मिटली आणि चहा सांगितला.

महाराष्ट्रातली माणसं त्या मानानं हाताशी लागतात. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांचा ठसा. स्पेन्सरच्या विचारात तर ‘अज्ञेय’ला एक मोठं दालनच आहे. पण आगरकरांची लेखणी रूढींवर चालली तेव्हा त्यात कुठे ‘कदाचित’ दिसत नाही. आदिकारणाबद्दल हात आखडता आणि केशवपनाबद्दल ठाम, हे एकाच माणसात सुखानं नांदतं. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, तिथे तर आडपडदा नव्हता. आणि डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच मंचावर बसून वाद-संवाद करत. लागू म्हणत देवाला रिटायर करा. दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, तिचं भांडण फसवणुकीशी आणि शोषणाशी आहे. काकांनी ऐकवलं की हा अज्ञेयवाद. मला तसं वाटत नाही. ‘मला ठाऊक नाही’ आणि ‘तो प्रश्न आत्ता या कामासाठी लागत नाही’ या दोन वाक्यांत अंतर आहे, आणि दुसरं वाक्य बोलणाऱ्याला 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. त्या रविवारी यापुढे कोणी फारसं बोललं नाही.

माझ्या ‘प्रतिज्ञे’मागची गोष्ट शोधताना भेटलेला ब्रॅडलॉ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. चार्ल्स ब्रॅडलॉ 1880मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटवर निवडून आला, शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला आणि त्याला बसूच देईनात. पुन्हा पुन्हा निवडून यायचा, पुन्हा बाहेर. अखेर 1886मध्ये जागा मिळाली, 1888मध्ये प्रतिज्ञेचा कायदा झाला. 1889ला मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो आला होता. मी कोर्टात पाच सेकंदांत जे बोलून मोकळी झाले, त्यासाठी या माणसानं सहा वर्षं घालवली होती. 1891मध्ये तो गेला तेव्हा लंडनमध्ये शिकणारे गांधी अंत्ययात्रेला गेले. परतताना स्टेशनवर एक नास्तिक एका पाद्र्याला घेरून उभा होता. पृथ्वीचा घेर अमुक हजार मैल, हे मान्य ना? मग तुमच्या देवाचा आकार सांगा, पत्ता सांगा! पाद्री म्हणाला, तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. नास्तिक विजयी मुद्रेनं पाहत राहिला, पाद्री गप्प झाला. गांधींनी आत्मकथेत लिहिलंय की यानं नास्तिकतेबद्दलची त्यांची नावड वाढलीच. मलाही तो नास्तिक आवडला नाही. गंमत अशी की खुद्द ब्रॅडलॉची भूमिका तशी नव्हतीच. देव नाही असं तो सांगत नसे. देव या शब्दानं तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय ते मला कळत नाही, आणि जे कळत नाही ते मी नाकारू कसा, असा त्याचा सूर.

आणि आपल्या संविधान सभेत तर देवावर प्रत्यक्ष मतदान झालंय. 17 ऑक्टोबर 1949. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामतांनी मांडली. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. तरी मतदान झालं: बाजूनं 41, विरुद्ध 68. विरोध करणारे 68 नास्तिक होते असं कोणी समजू नये, त्यांत सश्रद्ध माणसं होतीच. उद्देशिका गप्प राहिली आणि तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या शपथेला दोन पर्याय ठेवले: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. मला हा निकाल आमच्या फळ्यावरच्या चारही खोल्यांपेक्षा जास्त समजूतदार वाटतो.

परवा सरांनी सांगितलं, आता तुमचं मत लिहून आणा, ऑडिटरबाईंचं. मी नेलं. एक नव्हे, दोन अहवाल. नवसाला पावणारा, परीक्षेला पास करणारा, पाऊस पाडणारा, कोपला की रोग धाडणारा जो देव आहे, त्यानं हिशेबात नोंदी केलेल्या आहेत. त्या ताडून पाहता येतात, पाहिल्याही गेल्या आहेत, आणि जुळत नाहीत. त्याच्यावर ॲडव्हर्स, वाजवी खात्रीनं. त्याच्यापुरती मी नास्तिक. आणि सगळं मुळात का आहे, नसण्याऐवजी असणं का आहे, याच्या पलीकडे जर काही असेल तर त्याच्यावर डिस्क्लेमर.

इंजिनीअरनं विचारलं, “पण आकडा?” काका म्हणाले, हे बरं जमलं. सरांनी मात्र दुसरा कागद परत माझ्यापुढे सरकवला.

“या दुसऱ्या पार्टीनं ताळेबंद दिलाय का तुम्हाला?”

“नाही.”

“एखादी नोंद? तारीख, रक्कम, काहीही?”

“नाही सर.”

“मग डिस्क्लेमर कशावर देताय? डिस्क्लेमर द्यायलासुद्धा आधी हिशेब समोर लागतात ना?”

लागतात. हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. मी म्हटलं, निदान पार्टी आहे की नाही ते तरी सांगता येत नाही असं लिहू द्या. सर म्हणाले, कुठल्या पार्टीबद्दल, ते लिहा आणि मग सांगा. काका आणि ते त्यावरून जे जुंपले ते खालच्या ग्रंथपालबाई दिवे बंद करायला वर येईपर्यंत. दुसरा अहवाल अजून माझ्या बॅगेत आहे, मसुदा म्हणून.